चंडोलाचं पान

संक्रांत होऊन गेली होती. हुरड्याचे शेवटचे दिवस. सगळे आगटीभोवती बसलेले, आणि मी बांधापलीकडच्या मुरमाड तुकड्याकडे बघत उभी होते. तिथे मातीच्याच रंगाचं एक पाखरू चार पावलं पळायचं, थांबायचं, ढेकळात काहीतरी टोचायचं, पुन्हा पळायचं. थांबलं की नाहीसं व्हायचं. उडालं तेव्हा शेपटीला विटकरी रंग दिसला आणि संपलं.

"काय बघलालीस एवढं?" अण्णांनी विचारलं.

"ते पाखरू. काय म्हणतात त्याला?"

अण्णांनी डोळ्यांवर हात धरून बघितलं. "त्याला काय म्हनायचंय? मातीतलं पाखरू ते."

अण्णांना पाखरं कळत नाहीत असं नाही. भोरड्यांचा थवा दोन शेतं पलीकडे असताना ते ओळखतात, कारण माळ्यावर उभं राहून गोफण फिरवण्यात त्यांचं बालपण गेलं. लावा आणि तित्तिर ठाऊक, कारण पूर्वी ते ताटात यायचे. टिटवी ठाऊक, कारण रात्री रानात कुणी शिरलं की ती ओरडते. पावशा ठाऊक, कारण तो 'पेरते व्हा' म्हणतो. पण जे पीक खात नाही, ताटात येत नाही आणि काही सांगतही नाही, त्या पाखराला आमच्या घरात नाव नव्हतं. मी अंबाजोगाईला गणित शिकवते. उत्तर नसलेला प्रश्न मला झोपू देत नाही. तिथून पुस्तकाचा शोध सुरू झाला आणि तो जवळपास दोन वर्षं चालला.

पहिलं पुस्तक मी चुकीचं घेतलं. पुस्तक वाईट होतं असं नाही, माझी बघायची रीत चुकली. ग्रंथप्रदर्शनात एक गुळगुळीत कागदाचं, फोटोंचं पुस्तक दिसलं. हातात घेतलं आणि सगळे उघडतात तेच मीही उघडलं. खंड्या बघितला, नीलकंठ बघितला, मोराचं पान बघितलं. सुंदर! ओळखू येत होते की. अहो, खंड्या ओळखायला पुस्तक कशाला लागतं? विहिरीवरच्या तारेवर रोज बसतो तो. जे मला आधीच येत होतं त्यावर मी पुस्तकाची परीक्षा घेतली आणि त्याला पैकीच्या पैकी मार्क देऊन घरी घेऊन आले.

घरी आल्यावर चंडोल, म्हणजे जमिनीवर पळणारी मातकट पाखरं, शोधले. दोन होते. माझं पाखरू दोघांसारखंही दिसत होतं आणि एकासारखंही नव्हतं. एक फोटो संध्याकाळच्या उन्हात काढलेला, म्हणून सगळा पक्षी सोनेरी. दुसऱ्यात तो गवतात अर्धा बुडालेला. शेपटी दोन्हींत दिसत नव्हती, आणि मी तर फक्त शेपटीच नीट बघितली होती. फोटो हा एका दिवसाचा, एका उजेडातला, एकाच पाखराचा असतो, हे तेव्हा कळलं. चित्रकार काढतो ते त्या जातीचं चित्र असतं. तो उजेड सारखा ठेवतो, पक्षी एकाच बाजूला तोंड करून उभे करतो, आणि जे वेगळं आहे ते लपू देत नाही.

त्याच पुस्तकानं मला आणखी एकदा फसवलं. आमच्या दारातल्या जास्वंदीवर एक पिवळट पाखरू यायचं. छातीवरून खाली एक काळी रेघ, जशी शाईची लेखणी ओढली असावी. वहीत मी त्याला 'रेघवाला' असं नाव दिलं होतं. दोन महिन्यांनी समजलं की तो जांभळा शिंजीरच. विणीचा हंगाम सरला की नर आपला झळझळीत जांभळा झगा उतरवतो आणि मादीसारखा साधा होतो, फक्त ती गळ्यापासूनची काळी पट्टी राहते. माझ्या पुस्तकात एकच शिंजीर होता, झगा घातलेला. आणि पुढच्या मे महिन्यात ते पुस्तक गाडीच्या डिकीत राहिलं. आमच्याकडच्या उन्हात डिंक तडकला आणि सगळी बदकं सुटी होऊन हातात आली.

दुसरं पुस्तक विकत घ्यावं लागलं नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात, स्पर्धा परीक्षांच्या कपाटामागे, रेक्झिनमध्ये बांधलेलं सलीम अलींचं 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' निघालं. ग्रंथपाल म्हणाले, "मॅडम, न्या. परत आणायची घाई नाही." १९४१ साली पहिल्यांदा निघालेलं हे पुस्तक, आमची प्रत बरीच पुढच्या आवृत्तीची. त्यानं मला पाखराकडे बघायला शिकवलं. त्यात आकार इंचांत किंवा सेंटिमीटरमध्ये डोक्यात बसवायला लावत नाहीत. चिमणीएवढा, बुलबुलाहून मोठा, मैनेहून लहान, असं सांगतात. हे माप प्रत्येकाच्या अंगणात असतं. त्यानंतर अनोळखी काही दिसलं की मी आधी मनात त्याच्या शेजारी चिमणी उभी करायला लागले, मग साळुंकी. माझं मातीतलं पाखरू चिमणीपेक्षा जरा मोठं, साळुंकीपेक्षा बरंच लहान निघालं. एवढं कळायला मला एक वर्ष लागलं होतं.

सलीम अलींबद्दल आणखी एक गोष्ट मला नंतर समजली आणि उगाच घरचा माणूस भेटल्यासारखं झालं. १९३१-३२ मध्ये त्यांनी निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली होती. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात. अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "निजामानं पाखरंबी मोजली व्हय? सारा बसवायचा आसंल त्यांच्यावर."

अडचण आली ती नावांची. जुन्या आवृत्तीत भारद्वाजाला 'क्रो-फेजंट' म्हटलं आहे. आता त्याला 'ग्रेटर कूकल' म्हणतात. घार तिथे 'पराया काइट', आता 'ब्लॅक काइट'. चक्रवाक 'ब्राह्मणी डक' होता, तो 'रडी शेलडक' झाला. एका विद्यार्थ्याला मी मोठ्या तोऱ्यात 'फिंच-लार्क' सांगितलं, त्यानं फोनवर शोधलं आणि म्हणाला, "मॅडम, आता त्याला स्पॅरो-लार्क म्हणतात." पक्षी तोच, आमचा डोंबारी. विणीच्या दिवसांत नर वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो आणि जमिनीला लागणार तेवढ्यात परत वर उसळतो, म्हणून डोंबारी. इंग्रजांनी नाव कितीदा बदललं तरी आपलं मराठी नाव कसरतीवरून पडलेलं आहे, ते बदलायची गरज पडली नाही.

मराठी नावांच्या ओढीनं मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' वाचला. एका एका पाखराला किती ठिकाणी काय काय म्हणतात ते वाचताना रात्र कशी गेली कळलं नाही. पण तो कोश आहे, घरात बसून वाचायचा. बांधावर उभं राहून, समोर पाखरू पळत असताना, डाव्या हाताच्या बोटांनी उलटायचं पुस्तक वेगळं असतं.

मधल्या काळात सगळ्यांनी फोनवर ढकललं. कॉर्नेल विद्यापीठाचं 'मर्लिन' नावाचं अॅप फुकट आहे आणि खोटं कशाला बोलू, चांगलं आहे. पहाटे मुकुंदराजाच्या दरीत बसून त्याला नुसतं ऐकायला लावलं की ते एकेक नाव समोर मांडत जातं. दरीत मी त्याला मानते. माळावर मात्र त्याचं नि माझं जमलं नाही. दुपारच्या उन्हात पडद्यावर मला फक्त माझाच घामेजलेला चेहरा दिसतो. थंडीतले चंडोल मुके आणि वारा बोलका. आणि खरी गोष्ट अशी की फोनमध्ये एका वेळी एकच पाखरू दिसतं. हे नसेल तर ते, ते नसेल तर पुढचं, असं सरकवत बसायचं. मला सगळे संशयित एका ओळीत उभे केलेले हवे होते.

ती ओळख परेड मला जायकवाडीला बघायला मिळाली.

डिसेंबरात आम्ही काही जण पैठणला गेलो होतो. नाथसागराच्या काठावर गाळाच्या पट्टीत पट्टकादंब बसले होते, हिमालय ओलांडून आलेले, आणि आमच्यातले सगळे दुर्बिणी त्यांच्यावर लावून बसले. काठावरच एक सत्तरीचे काका भेटले. धरण १९७६ साली पुरं झालं, त्यात त्यांचं गाव गेलेलं. "ते कादंब बसलेत ना, त्याच्या जरा अलीकडं आमचं खळं होतं," असं त्यांनी हवामान सांगावं तसं सांगितलं. त्यांच्या खांद्याला शबनम आणि शबनममध्ये एक जाडजूड पुस्तक, त्याला खताच्या पिशवीचं कव्हर.

मी विचारलं, "काका, बघू का?"

"बघा की. कोणतं पान काढू? फ्लेमिंगो?"

"चंडोल."

काकांनी माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघितलं. मग न शोधता पान उघडलं. त्या पानाची कड काळी झाली होती.

ग्रिमेट आणि दोन्ही इन्स्किप यांचं भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांचं ते पुस्तक, २०११ ची दुसरी आवृत्ती. एका पानावर चित्रं आणि बरोबर समोरच्या पानावर मजकूर नि नकाशे. एकामागोमाग उभे असलेले सगळे तपकिरी. फोटोंच्या पुस्तकात दोन होते. इथे एवढे होते की आधी धडकीच भरली. पण मग डोळा आपोआप फिरायला लागला. याला तुरा आहे, याला नाही. याची चोच बारीक, याची जाड. आणि तिथे तो होता. तांबूस पोट, जाड चोच आणि विटकरी शेपटी, शेपटीच्या टोकाला काळा पट्टा. तांबूस शेपटीचा चंडोल. राहण्याची जागा काय, तर उघडी, खडकाळ जमीन आणि नांगरलेली शेतं. अण्णांच्या मुरमाड तुकड्याचं याहून नेमकं वर्णन तलाठ्यानंही केलं नसतं.

काळा पट्टा मी बघितला होता का? खरं सांगायचं तर आठवत नव्हतं. पण आता काय बघायचं ते कळलं होतं. पुढच्याच रविवारी शेतावर जाऊन बघितला. होता.

काकांनी त्या दिवशी आणखी एक गोष्ट दाखवली. पाण्यावरून एक भोवत्या, म्हणजे शिकारी पक्षी, खाली खाली तरंगत गेला, शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा, बाकी अंग तपकिरी. मी उत्साहात शिकाऱ्यांची पानं काढली. इथे दोन जातींच्या माद्या इतक्या सारख्या की एकीच्या गळ्याभोवती फिकट कडं असतं, दुसरीच्या नसतं, आणि तेही पक्षी जवळून गेला तरच. काकांनी वहीत लिहिलं, 'भोवत्या, मादी', आणि वही मिटली. "चाळीस वर्षं बघतोय," ते म्हणाले, "अजून निम्म्यांच्या पुढं मी एवढंच लिहितो." मला ते फार आवडलं. शिकाऱ्यांच्या पानांवर उडताना खालून कसे दिसतात ती चित्रंही होती. घार-गरुड मंडळी बसलेली दिसतातच किती? फोटोंच्या पुस्तकात ते सगळे राजासारखे फांदीवर बसलेले.

घरी आल्यावर मी ठरवलं की हेच घ्यायचं. तरी घेईपर्यंत आणखी सहा महिने गेले, कारण मी गणिताची आहे आणि पर्याय संपल्याशिवाय उत्तर लिहीत नाही. छत्रपती संभाजीनगरला एका ओळखीच्यांकडे रासमुसेन आणि अँडरटन यांचे २००५ चे दोन खंड बघितले. पहिल्यात चित्रं आणि ओळख, दुसऱ्यात बारीकसारीक माहिती, आवाजाचे आलेखसुद्धा. भाविक माणसानं पोथी बघावी तसं बघितलं आणि हात जोडून परत ठेवलं. ती टेबलावरची पुस्तकं. ग्रिमेट-इन्स्किप मंडळींचंच खिशात मावणारं छोटं पुस्तकही बघितलं. हलकं आहे, मोह झाला. पण माझ्या चाळिशीच्या चष्म्याला ते अक्षर सोसेना, आणि मोठ्या पुस्तकातल्या नकाशांची मला तोवर चटक लागली होती.

नकाशाचं महत्त्व मला साइक्सच्या चंडोलामुळे पटलं. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनच्या पक्ष्यांची यादी १८३२ साली छापली होती. त्याचं नाव लागलेला हा चंडोल भारताबाहेर कुठे सापडत नाही. म्हणजे अस्सल आपला. पण तुरेवाले चंडोल तीन आहेत आणि तिघे एकमेकांचे चुलतभाऊ शोभतात. नकाशा उघडला की मलबारी चंडोल पश्चिमेला घाटाकडे सरकतो. उरतात दोन. मोठा, फिकट मातकट, छातीवर रेघाच रेघा, तो साधा तुरेवाला. लहान, तांबूस, आखूड तुऱ्याचा, छातीवर मोजक्या बारीक रेघा, तो साइक्सचा. नकाशानं तिघांचे दोघे केले, हे थोडं नाही.

खरेदीची गंमत सांगायलाच हवी. गावातल्या एका दुकानात मागणी नोंदवली. नाव कागदावर इंग्रजीत लिहून दिलं. तीन आठवड्यांनी फोन आला, "मॅडम, तुमचं पक्ष्यांचं पुस्तक आलं." धावत गेले. कुक्कुटपालन! कव्हरवर पांढरीशुभ्र ब्रॉयलर कोंबडी. दुकानदार म्हणाला, "पक्षीच आहे की, आमच्याकडं सगळे हेच नेतात." आणि तो खोटं बोलत नव्हता, पोल्ट्रीवाले कोंबड्यांना पक्षीच म्हणतात. परत घेईना, म्हणून ते पुस्तक अण्णांना दिलं. त्यांनी ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. माझं पुस्तक शेवटी पुण्याला असलेल्या भाच्यानं आणून दिलं. त्याला सांगून ठेवलं होतं, दुकानात ट्यूबखाली नको, दारात उजेडात उघड. चंडोलाचं पान काढ आणि तपकिरी रंग एकमेकांपासून वेगळे दिसतात का ते बघ. छपाई गडद आली असेल तर दुसरी प्रत माग. आणि पुस्तक सपाट उघडून बघ, बांधणी कुरकुरते का. भाचा म्हणाला, "आत्या, दुकानातला माणूस मला विचारत होता, साडी घ्यायला आलात का."

पुस्तक आलं म्हणून काम झालं असं नव्हतं. भारत, पाकिस्तान, नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, सगळ्यांची मिळून तेराशेच्या वर पाखरं त्यात. बीड जिल्ह्याच्या बाईनं त्यात पोहायचं कसं? पानंच्या पानं हिमालयातल्या पाखरांची, आणि सुरुवातीला मोह असा की समोरच्या साध्या वटवट्यात मला सिक्कीमचा पाहुणा दिसायचा. 'ई-बर्ड' या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर जिल्ह्यानुसार आणि महिन्यानुसार कोण दिसलं त्याचे तक्ते मिळतात. ते काढले आणि दोन रविवार बसून, आपल्याकडे नोंद आहे त्या प्रत्येक चित्रापुढे पेन्सिलीनं ठिपका दिला. शाई नाही, पेन्सिलच, यादी बदलते. आता पान उघडलं की आधी ठिपकेवाल्यांकडे बघायचं. बिनठिपक्याचा वाटला तर दोनदा बघायचं आणि तरी वाटला तर घरी जाऊन तिसऱ्यांदा. काही पानांना रंगीत कागदाच्या पट्ट्या लावल्या: चंडोल, तिरचिमण्या, भोवत्ये, तुतवार. खंड्याच्या पानाला पट्टी नाही.

समासात अण्णांची नावं लिहिते. त्यासाठी एकदा त्यांच्या शेजारी बाजेवर बसून पान पान दाखवलं. होल्याला ते व्हला म्हणतात. सातभायांचं चित्र बघून म्हणाले, "हे भांडखोर." भोरडीचं पान आलं तसे ते थांबले. मी नकाशा दाखवला. ती इथे थंडीतच असते, पिल्लं घालायला पार मध्य आशियाकडे जाते, तिथे टोळ आणि नाकतोडे खाते.

"आन् हितं ज्वारी?"

"हो."

अण्णा थोडा वेळ चित्राकडे बघत राहिले. "म्हंजे तिकडं नाकतोडे सोडून येवढ्या लांबून आमच्याच हुरड्यावर येती," ते म्हणाले. "अन् मी गोफण मारली की म्हणायचं, मुक्या जिवाला मारतो."

तिरचिमण्यांच्या पानावर अजून मला काही येत नाही, ते बाजूला ठेवलंय. चंडोलाच्या पानावर पेन्सिलीच्या तारखा आहेत. तांबूस शेपटीच्या पुढे चौदा. डोंबारीच्या पुढे मोजणं सोडून दिलं. साइक्सच्या पुढे तीन प्रश्नचिन्हं. चौथं परवा पडलं असतं. काढणी झालेल्या हरभऱ्याच्या रानात एक होता, लहान, तुरा आखूड, छाती जवळजवळ कोरी. मी हळूच खाली बसले, पुस्तक मांडीवर घेतलं, पट्टी धरून पान उघडलं. तेवढ्यात अण्णांची एक कोंबडी मधून तुरुतुरु पळत गेली.